ई, ए आणि चहातला च

अन्याय करणाऱ्याला आपण अन्याय करतो आहोत याची निदान पुसट जाणीव असावी, अशी सभ्य समाजाची अपेक्षा असते. इंग्रजी वर्णमालेतील ई आणि ए या दोन अक्षरांना ती नाही. एकेकटी असतात तेव्हा दोन्ही बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागतात. शेजारी शेजारी बसली की मात्र कोणत्या शब्दात कोणता आवाज काढतील, हे त्यांच्या जन्मदात्यालाही सांगता यायचे नाही. या जोडगोळीने कोशकारांच्या सुनेला दोनदा नापास केले होते आणि तिसऱ्यांदा करण्याच्या तयारीत ती बसली होती.

सून रुग्णालयात मदतनीस होती. नऊ वर्षे तिने स्ट्रेचर ढकलले. नवव्या वर्षी कमरेचा मणका सरकला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितले, "आता ढकलणं बंद. नाहीतर एक दिवस तुम्हालाच ढकलत आणावं लागेल." बसून करण्याचे काम सबंध इमारतीत एकच रिकामे होते : घोषणा-कक्षातील निवेदिकेचे. माइकपुढे बसायचे, सूचना आधी इंग्रजीत आणि मग आपल्या भाषेत वाचायची. त्यासाठी तोंडी परीक्षा. संधी तीन. दोन गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होते : 'ई-ए यांचा उच्चार सदोष.' तिसरीही गेली तर पुन्हा स्ट्रेचर, आणि मग डॉक्टरांची भविष्यवाणी.

'सदोष' हा शब्द त्या घरात सुनेच्या नावापुढे यावा, यासारखा विनोद नाही. कोशकारांनी एकतीस वर्षे शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रिते तपासली होती. निवृत्तीनंतरही लाल पेन्सिल खिशातून गेली नव्हती. लग्नाच्या पत्रिका दुरुस्त करून ते यजमानांना परत पाठवीत. त्यामुळे आमंत्रणे कमी झाली होती आणि गल्लीत त्यांना 'वेलांटीकाका' म्हणत. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी स्वहस्ते लिहून चौकटीत बसवलेले एक वाक्य होते : 'जसे लिहावे तसेच वाचावे.' देवदर्शनाने मिळावी तितकी शांतता त्यांना त्या पाच शब्दांकडे पाहून लाभे. शब्द चारच आहेत, असे कोणी म्हणेल; कोशकार 'तसेच' हे दोन धरीत.

(त्यांचा मुलगा दूरच्या गावी नोकरीला होता. आठवड्यातून एकदा फोनवर "होईल सगळं नीट" म्हणण्यापुरताच त्याचा या प्रकरणाशी संबंध.)

"काय शिकवलंय तुला, ते तरी बघू," कोशकार म्हणाले.

सुनेने रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागाची पुस्तिका पुढे ठेवली. पान बारावर, चौकटीत, फुलाफुलांच्या नक्षीत एक नियम होता :

दोन स्वर जोडीने निघाले फिरायला,
पहिला लागे बोलायला, दुसरा राही ऐकायला.

"म्हणजे ई-ए आलं की फक्त ई म्हणायचं, बाबा."

"वाच."

"हीड," सून म्हणाली.

"म्हणजे?"

"डोकं. हे हीर्ट, हृदय. हे ब्रीथ, श्वास. आणि हे डीथ."

"असं मरण वैऱ्यालाही येऊ नये," कोशकार म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "पहिला बोलतो, दुसरा गप्प! म्हणजे आपलाच संसार की, अहो. चाळीस वर्षं मी दुसरी."

"मग आत्ता काय करते आहेस?"

"हा अपवाद."

कोशकारांना राग आला की आवाज चढत नसे, उतरत असे. शेजाऱ्यांना तो ऐकू येईनासा झाला की घरच्यांनी समजावे, आता खरे काही होणार. अगदी ऐकू न येईल अशा आवाजात ते म्हणाले, "याचा खरा नियम मी शोधतो. चार दिवस लागतील."

चार दिवसांत माणूस ताप येऊन बरा होतो. कोशकारांना फक्त ताप आला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून त्यांनी बैठकीच्या भिंतीवर तक्ता लावला आणि त्यात ई-एचे शब्द उच्चाराप्रमाणे रकान्यांत बसवायला घेतले. पहिल्या दिवशी दोन रकाने पुरले : ईट आणि हेड. दुसऱ्या दिवशी ग्रेट आला. त्याचा ए हेडच्या एहून लांब निघाला. मग हार्ट आला आणि सरळ आ म्हणाला, डॉक्टरने जीभ दाखवायला सांगावी तसा. इअर, वेअर, क्रिएट आणि ओशन यांनी प्रत्येकी स्वतंत्र खोली मागितली. पृथ्वीला इंग्रजीत जो शब्द आहे तो तर कोशकारांनी देवनागरीत लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ पाहत राहिले. 'अर्थ.' ज्या भाषेत अर्थ म्हणजेच माती, तिच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची!

रकाने नऊ झाले. रस नऊ असतात, ग्रह नऊ असतात. ही नऊ संकटे मात्र एकाच घरात, एकाच नावाने राहत होती. त्याहून भयंकर गोष्ट कोशकारांच्या ध्यानात आली ती अशी की, हा रोग माणसाच्या सर्वांगावर पसरलेला आहे. डोके, कान, दाढी, हृदय, श्वास, अश्रू, आरोग्य आणि शेवटी मरण : सगळीकडे ई-ए. रुग्णालयात शिरलेल्या माणसाला त्यातून सुटका नाही. बरा झाला तरी आहे आणि गेला तरी आहे.

तक्त्याची वार्ता गल्लीत पसरली. वार्तेला ई-ए नसल्यामुळे ती बिनचूक पसरली. सर्वप्रथम आले ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस. ज्ञान हे फुकट प्रवास करणाऱ्याला पकडण्यासाठीच असते, असा त्यांचा जन्माचा समज होता.

"एवढा तक्ता कशाला, वेलांटीकाका? उपाय सोपा आहे. अडेल तिथं खोकायचं."

"काय?"

"खोकायचं हो. मी तीस वर्षं परक्या स्टेशनांची नावं अशीच वाचली. आधी थोडं म्हणायचं, मध्ये खोकायचं, शेवट मोठ्यानं. गाडी चुकल्याची एक तक्रार नाही."

"परीक्षेत खोकायचं?"

"परीक्षा रुग्णालयातच आहे ना? तिथं कोण हरकत घेणार?"

खोकल्याचा पर्याय कोशकारांनी तुच्छतेने नाकारला. (सुनेने तो मनात लिहून ठेवला, बायका व्यवहारी असतात.) दुसरा सल्ला केशकर्तनालयात मिळाला. दाढी या अर्थाचा इंग्रजी शब्द पाटीवर पाहून घ्यावा म्हणून कोशकार मुद्दाम तिथे गेले आणि पाटीखाली थिजले. रंगाऱ्याने तीच पाच अक्षरे घेतली होती. फक्त र दोन घरे पुढे आणला होता. पाटीवर शुद्ध इंग्रजीत लिहिले होते : 'येथे केस कापून मिळतील व पाव.'

"दोन वर्षं झाली पाटीला," न्हावी अभिमानाने म्हणाला. "एकाची तक्रार नाही, काका. एक म्हातारी मात्र अधूनमधून पाव मागते. मी म्हणतो, संपला."

तक्रार नाही, तक्रार नाही! ज्या जगात खोकणाऱ्याविरुद्ध तक्रार नाही आणि दाढीला पाव म्हणणाऱ्याविरुद्ध तक्रार नाही, त्या जगात निदान एक तक्रार असावी म्हणून कोशकारांनी ती लिहिली. विषय : 'पुस्तिकेतील पान बारावरील नियम असत्य असल्याबाबत.' सोबत नऊ रकान्यांच्या तक्त्याची स्वच्छ प्रत, तीनशे सोळा शब्दांसह. मागणी एकच : परीक्षेपूर्वी नियम मागे घ्यावा, आणि त्या नियमामुळे नापास झालेल्यांचे शेरे पुसावेत.

प्रशिक्षण विभागाच्या तीन क्रमांकाच्या खिडकीतल्या कारकुनाने ती तक्रार खरोखरच वाचली. हे नमूद केले पाहिजे, कारण पुढचा सर्व अनर्थ त्या सद्गुणातून उद्भवला. वाचल्याची खूण म्हणून त्याने तीवर शिक्का मारला : आर, ई, ए, डी. रेड, म्हणजे 'वाचले'. कागद पाच क्रमांकाच्या खिडकीत गेला. तिथल्या बाईंनी शिक्का पाहिला. आर, ई, ए, डी. रीड, म्हणजे 'वाचा'.

"वाचायचं काम आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या आणि कागद तीनकडे परत आला. तीनने पुन्हा वाचला, पुन्हा शिक्का मारला आणि पाचकडे धाडला.

दहाव्या दिवशी कोशकार चौकशीला गेले तेव्हा कागदावर सात शिक्के होते.

"आम्ही सात वेळा वाचलंय, काका," तीनचा कारकून दुखावल्या स्वरात म्हणाला. "इतकी तर मी प्रेमपत्रंही वाचली नाहीत."

"पण त्या बाई याला 'वाचा' समजतात. एकच स्पेलिंग आहे, उच्चार दोन. हीच तर माझी तक्रार आहे!"

"बरं, मग तुमचं म्हणणं काय? रीड की रेड?"

"दोन्ही!"

"दोन्हीचा कप्पा नाही आमच्याकडे."

आपल्याच विषयात बुडून मेलेली तक्रार कोशकारांनी आयुष्यात प्रथमच पाहिली. परीक्षेला आठ दिवस उरले होते. ते घरी आले, पाणीही न मागता बैठकीत बसले आणि भिंतीवरच्या चौकटीकडे पाहू लागले. जसे लिहावे तसेच वाचावे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आले.

"सूनबाई! इंग्रजी लिपी वाचायचीच कशाला? मी प्रत्येक शब्द आपल्या लिपीत लिहून देतो. तू फक्त मी लिहिलेलं वाच. आपली लिपी माणसाशी खोटं बोलत नाही."

दोनशे पानी वही आली. रुग्णालयात सांगाव्या लागणाऱ्या झाडून साऱ्या सूचना कोशकारांनी त्यात देवनागरीत उतरवल्या, टाकाने, मोत्यासारख्या अक्षरात. सून कामावरून आली की कमरेला पट्टा बांधून, भिंतीला टेकून पाठ करी. पाचव्या दिवशी सराव-परीक्षा ठेवली. परीक्षक म्हणून तिकीट तपासनीस आले. आपण खोकणार नाही असे वचन त्यांच्याकडून आधीच घेतले होते.

सून उभी राहिली. घसा साफ करून तिने वाचले, "ईत्स पेशंट..."

"थांबा, थांबा," तपासनीस म्हणाले. "ईत्स? हे कुठलं स्टेशन?"

"अगं, ईच!" कोशकार म्हणाले. "ईच पेशंट. प्रत्येक रुग्ण. काय लिहिलंय तिथं?"

"ईत्स," सून म्हणाली. "दीर्घ ई आणि च."

"मग ईच वाच की! चहातला च!"

"मी 'हीच'मधला वाचला, बाबा. हीच, तीच, ईच. वॉर्डात हा शब्द कुणी बोलत नाही, तिथं 'एकेक करून या' म्हणतात. तेव्हा तुम्ही लिहिलंय तसंच वाचलं."

'तसेच' हा शब्द तिने उच्चारला आणि कोशकारांची नजर आपोआप चौकटीकडे गेली. तसेच. हा च चहातला नव्हता. वाचावे. हाही नव्हता. भिंतीवरचा च एक होता, पण तोंडातले दोन.

"आपल्या भाषेत..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो," स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाल्या, "ते भांडण मिटलं की एक चमचा द्या इकडे. नाही, दोनच द्या. दोन चमचे."

चमचा. चमचे. कोशकारांनी ओठांतल्या ओठांत दोन्ही म्हणून पाहिले. चमचा म्हणताना दोन्ही च दातांपाशी बसत होते. चमचे म्हणताना पहिला तिथेच बसून राही आणि दुसरा उठून टाळूला जाई. का? कोणी सांगितले त्याला? त्या माउलीने चाळीस वर्षांत हजारो वेळा हा शब्द उच्चारला होता, आणि एकदाही चुकली नव्हती, आणि तिला कोणी नियम शिकवला नव्हता.

कोशकारांनी कपाटातून कोशाचा पहिला खंड काढला. प्रस्तावना, पान सात, तळटीप. ती तळटीप त्यांनीच सव्वीस वर्षांपूर्वी घातली होती, आणि घालून विसरले होते. 'च, ज, झ यांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत. ते लेखनात दाखवलेले नाहीत. भेद रूढीने जाणावा.'

रूढीने जाणावा! ज्या गुन्ह्यासाठी ते तीन आठवडे परक्या भाषेला फासावर चढवीत होते, त्याची कबुली त्यांच्या स्वतःच्या सहीने घरच्या कपाटात पडली होती, तीही सर्वांत बारीक टाइपात. खंड मिटून ते खिडकीशी उभे राहिले. तपासनीस शहाणे; न खोकता निघून गेले.

मग वळून कोशकार म्हणाले, "वही मीट, सूनबाई. मला एक सांग. डोक्याला मार लागलेला माणूस आला, तर वॉर्डात काय म्हणतात?"

"हेड इंजुरी."

"हृदयाचा?"

"हार्ट पेशंट."

"गेला तर?"

"डेथ सर्टिफिकेट. आणि फोटो काढताना म्हणतात, ब्रेथ रोखून धरा. का हो, बाबा?"

"म्हणजे तुला हे सगळं येत होतं?"

"येतं म्हणजे काय, रोज कानावर पडतं."

"मग परीक्षेत हीड आणि डीथ का म्हणालीस?"

सून जरा ओशाळली. "पुस्तकात नियम होता ना. मला वाटलं, आम्ही वॉर्डात बोलतो ते अडाणी. परीक्षेत खरं इंग्रजी बोलायचं असतं."

या वाक्यानंतर कोशकारांना जो राग आला, त्यापुढे आधीचे सर्व राग ही रंगीत तालीम होती. एका बाईने नऊ वर्षे आपल्या कानांनी एक भाषा अचूक मिळवली. आणि फुलाफुलांच्या नक्षीतल्या दोन ओळींनी तिला पटवून दिले की, तुझे कान अडाणी आहेत. नापास तिला ई-एने केले नव्हते. याहून पुढचा विचार कोशकारांना अधिक झोंबला : पान बारावरची ती चौकट जाऊन ही वही आली, तेव्हा त्यांनी तरी दुसरे काय केले होते?

"उद्यापासून काही पाठ करू नकोस," ते म्हणाले. आवाज ऐकूही आला नाही. ओठांवरून सुनेला कळले.

परीक्षेच्या दिवशी ते सोबत गेले. अट एकच होती आणि ती सुनेने घातली होती : "बाबा, तुम्ही बाहेर बसायचं. आत काहीही ऐकू आलं, तरी बोलायचं नाही. शपथ."

शपथ घेऊन ते बाकावर बसले. दार नीट लागत नव्हते. आत तीन परीक्षक : मेट्रन, क्ष-किरण विभागाचे डॉक्टर, आणि मध्यभागी प्रशिक्षण विभागाचे प्रमुख, पान बाराचे कर्ते. सून वाचू लागली. हेड आले, हार्ट आले, प्लीज, इअर, वेअर. एकामागून एक गाड्या वेळेवर फलाटाला लागाव्यात तसे शब्द येत होते. कोशकारांनी डोळे मिटले. सूचनेचे शेवटचे वाक्य क्ष-किरण खोलीतल्या जड संरक्षक वस्त्राविषयी होते. सून म्हणाली, "लेड एप्रन."

"लीड," प्रमुख म्हणाले.

कोशकारांचे डोळे उघडले.

"एल, ई, ए, डी. लीड. दोन स्वर जोडीने निघाले फिरायला. पान बारा वाचलं नाहीत का, बाई? तिसरी वेळ ना ही तुमची? हीच चूक पुन्हा..."

एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या डोळ्यांखालून एक चुकीची वेलांटी सुटली नाही, त्याच्या कानाखालून हे कसे सुटावे? शपथ बाकावरच राहिली आणि कोशकार उठले. दार ढकलताना त्यांच्या ओठांवर पहिले वाक्य तयार होते, आणि ते तळटिपांसह होते.

तीन परीक्षकांनी माना वळवल्या. चौथी मान सुनेची. तिच्या डोळ्यांत त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही लिपीत लिहिता येत नाही. रूढीने जाणावे लागते.

"कोण तू?" प्रमुखांनी विचारले. "काय पाहिजे?"

कोशकारांच्या अंगात कोपराशी विरलेला सदरा होता. हातात काही नव्हते. तोंडात कोशाचे चार खंड होते. ते त्यांनी गिळले.

"चहा," ते म्हणाले. "किती आणू, विचारायला आलो."

"तीन. साखर कमी. आणि दार वाजवून येत जा."

एकतीस वर्षांत कोशकारांना कोणी 'अरे-तुरे' केले नव्हते. ते जिना उतरून उपाहारगृहात गेले, तीन कप आणि एक तबक मागून घेतले आणि जिना चढू लागले. प्रत्येक पायरीला थोडा चहा बशीत सांडत होता आणि त्याबरोबर दुसरे काहीतरी, ज्याला ते आजवर प्रतिष्ठा म्हणत आले होते. दारापाशी पोचले तेव्हा आत अजून तेच चालू होते.

"नियम म्हणजे नियम. पुस्तक मी लिहिलंय, बाई."

"पुस्तक तुम्ही लिहिलंय, साहेब," सुनेचा आवाज आला. तो चढलेला नव्हता. उतरलेला होता, आणि कोशकारांना तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. "पण एप्रन मी उचललाय. नऊ वर्षं. लीड असता तर हलका असता. तो शिशाचा आहे, लेडचा. माझ्या मणक्याला विचारा."

मग क्ष-किरणवाले डॉक्टर मोठ्याने हसले. "लेडच आहे हो! आमच्याकडे लीड म्हणणारा एकच आहे, तो वायर जोडतो."

"पुढचा उमेदवार," मेट्रन म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिले.

कोशकारांनी दार वाजवले. तबक टेबलावर ठेवले. प्रमुखांनी कपात पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"चमचा कुठाय?"

ते चमचा आणायला पुन्हा खाली गेले.

सून दोन विरुद्ध एक मतांनी उत्तीर्ण झाली. नेमणुकीचे पत्र आले, आणि त्याच पाकिटातून एक नवी पुस्तिका बाहेर पडली. सुधारित आवृत्ती. कोशकारांची तक्रार, अकरा शिक्के खाऊन, अखेर वरपर्यंत पोचली होती. प्रस्तावनेत लिहिले होते : 'एका सुजाण नागरिकाने नियम चुकीचा असल्याचे निदर्शनास आणून दिल्यावरून तो उलट करण्यात आला आहे.' पान बारा, चौकट, तीच फुले :

दोन स्वर जोडीने निघाले फिरायला,
दुसरा लागे बोलायला, पहिला राही ऐकायला.

खाली ठळक सूचना : निवेदिकांनी याचे काटेकोर पालन करावे. म्हणजे प्लीजचे प्लेज झाले होते. रीचचे रेच झाले होते. रुग्णालयात माइकवरून 'प्लेज रेच' अशी घोषणा झाली तर किती माणसे रांग सोडून कुठे धावतील, याचा कोशकारांनी थंडपणे हिशेब केला.

"बरं झालं," त्यांच्या पत्नी पान पाहून म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी दुसऱ्याची पाळी आली."

कामाच्या पहिल्या दिवशी कोशकार प्रतीक्षागृहात जाऊन बसले. सोबतीला तिकीट तपासनीस. काचेपलीकडे सून दिसत होती. खुर्चीला पाठ होती, आणि पाठीला खुर्ची. माइक तिच्या तोंडाच्या उंचीला येत नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले, सुधारित आवृत्ती उचलली आणि माइकच्या खाली ठेवली. माइक बरोबर उंचीला आला.

मग तिचा आवाज दिवाणखान्याएवढ्या त्या दालनात पसरला. आधी इंग्रजीत : प्लीज, हार्ट, हेड, इअर. मग आपल्या भाषेत : चार नंबरच्या खिडकीपाशी यावे, चष्मा आणि चिठ्ठी सोबत ठेवावी, चूक आढळल्यास लगेच सांगावे. प्रत्येक च आपापल्या जागी, कोणी न सांगता.

"काय सुंदर वाचते हो तुमची सून!" तपासनीस म्हणाले.

"वाचत नाही ती," कोशकार म्हणाले. "बोलते."

पाठीमागे कोणीतरी समाधानाने घसा खाकरला. प्रमुख होते, शेजारी तीन पाहुणे. "ऐकलंत?" ते पाहुण्यांना सांगत होते. "नियम सुधारल्याबरोबर उच्चार कसे सुधारले! महिनाभरात! ही पुस्तिकेची ताकद."

तपासनिसांना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. कोशकार वळले. त्यांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीवर गेला होता आणि त्यांचा आवाज आधीच इतका उतरला होता की, जगात फक्त दोघीच तो ओळखू शकल्या असत्या. पैकी एक काचेपलीकडून त्यांच्याकडे पाहत होती.

प्रमुखांनी त्यांना पाहिले आणि ओळखीचे हसले. "अरे, तू इथं होय! बरा सापडलास. चार चहा आण."

कोशकारांनी पेन्सिल सोडली. खिशातून रिकामा हात बाहेर काढला. आणि पान सातवरील तळटिपेला स्मरून, पहिला च दातांपाशी आणि दुसरा टाळूपाशी, अत्यंत शुद्ध, अत्यंत थंड उच्चारात त्यांनी विचारले,

"चमचे किती?"